अकरा मतांचा माणूस

अकरा मतांनी निवडून आला ऑरिन हॅस्केल.
त्यातली दोन तरी मेलेल्यांची, विरोधक म्हणाले.
तो म्हणाला, "मेलेल्यांनाही रस्ता लागतो.
दफनभूमीकडचा चिखल बघितलाय का कधी?"
मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.
मी नगरपालिकेचा कारकून,
वर्षाला दोनशे डॉलर, शाई स्वतःची.

तो मूळचा पिंपं करणारा.
ओकच्या फळ्या, वाफ, लोखंडी कडी.
आमच्या केटल बेंडचं खारवलेलं डुकराचं मांस
त्याच्या पिंपांतून नदीने खाली जायचं, थेट समुद्रापर्यंत.
तो स्वतः मात्र सेंट लुईससुद्धा पाहून आला नव्हता.
सभेत कुणी लांबण लावली
की टेबलावर बोटाच्या पेरांनी टकटक करायचा,
पिंप भरलेलं की पोकळ
ते बघावं तसं.

पहिलं वर्ष डुकरांतच गेलं.
मोकाट डुकराला पन्नास सेंट दंड : ठराव एकमताने मंजूर.
पहिलं डुक्कर पकडलं ते त्याच्याच बायकोचं.
पावती क्रमांक एक अजून माझ्याकडे आहे.
मेहिटेबल बाईंनी आठवडाभर अबोला धरला,
हे गावाला कळलं, कारण आठवडाभर
नगराध्यक्ष खानावळीत जेवत होते.

मग चोपन्न सालचा उन्हाळा.
पटकीची माणसं घेऊन एक आगबोट आली
आणि धक्क्यावर उभं राहून त्याने तिला परत लावलं.
कंदील हलवत.
मी लिहिलं : बोट माघारी पाठवली. शहर सुरक्षित.

दोन मैलांवर ती वाळूत रुतली.
रात्री तो सहा पिंपं पाणी होडीत घालून गेला,
सोबत त्याचा शिकाऊ पोऱ्या, बोहुमिल, आणि वल्हं मारायला मी.
पाणी घ्यायला वरून हात यायचे.
पहाटेपर्यंत कमी कमी हात येत गेले.
परतताना तो काही बोलला नाही.
मीही हे पहिल्यांदाच लिहितोय.

रेल्वेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.
पिवळे हातमोजे घातलेला एक इंजिनिअर,
त्याचे नकाशे, त्याचं खोकणं,
ऐंशी हजारांचे रोखे आणि त्यांच्याखाली
हॅस्केलची ती रुंद, लाकूड तासल्यासारखी सही.
गाडी गेली डनमोरवरून, नऊ मैल उत्तरेला.
गाव करील ते राव काय करील, म्हणतात.
आमच्याकडे रावाने केलं
आणि गाव वीस वर्षं फेडत बसलं
एका शिट्टीचे पैसे,
तीही वारा उत्तरेचा असला तरच ऐकू येणारी.

स्टेशन मात्र बांधून तयार होतं.
त्यात मक्याचं बियाणं ठेवलं,
थंडीत चर्चमधल्या पोरी गाण्याचा सराव करायच्या.
पुढच्या निवडणुकीत त्याला चाळीस मतं पडली.
तो रोज संध्याकाळी फलाटावर येऊन बसायचा.
"गाडी किती वाजता, मेयर?" पोरं विचारायची.
तो घड्याळ काढून बघायचा, खरंच बघायचा,
आणि सांगायचा,
"लेट आहे."

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये गेला, बर्फ वितळताना.
शवपेटी बोहुमिलने केली, ओकची,
खिळा एकही नाही.
दफनभूमीच्या वाटेवर गाडी आसापर्यंत चिखलात.
दोन्ही पक्षांचे सभासद चाकाला खांदा लावून,
टोप्या हातात, बूट गेलेले,
आणि ज्याने रोख्यांवरून त्याला चोर म्हटलं होतं
तो वकील स्पूनर सगळ्यात पुढे.

दम खायला थांबलो तेव्हा
बोहुमिलने सवयीने पेटीवर पेरांनी टकटक केली.
लगेच ओशाळला.
आम्ही सगळ्यांनी ऐकलं ते.
मग पुन्हा चाकाला लागलो.